लवाद दोघांनी मिळून नेमायचा, आणि निकाल आवडला नाही की हायकोर्ट?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात लेबर कोडवर जे लेख येतायत ते मी नेमाने वाचतोय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कोड (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाले, त्यामुळे एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीपासून कंपनीच्या एचआरपर्यंत सध्या तोच विषय आहे. परवाच्या लेखात लेखकाने सुचवलंय की आता लेबर कोर्टं जाणार, ट्रायब्युनल (औद्योगिक न्यायाधिकरण) येणार, तिथे जुन्या-नव्या केसेसची गर्दी होणार, तर युनियन आणि मॅनेजमेंटने सरळ लवाद (दोघांना मान्य असा त्रयस्थ पंच) नेमावा, निकाल झटपट लागतो आणि कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वाचायला बरं वाटतं. पण लवादाचा अ‍ॅवॉर्ड (निवाडा) हातात पडल्यानंतर पुढे काय होतं ते लेखकाने बघितलेलं दिसत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा, नाहीतर कापा, पण पगाराचा मुद्दा तेवढा कापू नका.

मी भोसरी-चिंचवड पट्ट्यात आयुष्य काढलं, बरीच वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो, वकील नाही. पण लेबर ऑफिस, लेबर कोर्ट आणि हायकोर्टाच्या एवढ्या फेऱ्या झाल्यात की कायद्याची कलमं पाठ झाली.

आधी थोडक्यात सांगतो, कारण नवीन पोरांना हे माहीत नसतं. जुन्या इंडस्ट्रियल डिस्प्युट्स अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे १९४७ च्या, १०-अ हे कलम १९५६ च्या दुरुस्तीने आलं. वाद सरकारने कोर्टाकडे पाठवायच्या आधी युनियन आणि मालक लेखी करार करून आपल्याला हवा तो माणूस लवाद म्हणून नेमू शकतात, तो देईल तो निवाडा. नव्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये हेच ४२ नंबरच्या कलमात आहे. आणि जुन्या कलमातच एक ओळ होती की नेहमीचा आर्बिट्रेशनचा कायदा इथे लागू नाही. म्हणजे बिल्डर आणि कॉन्ट्रॅक्टरच्या भांडणात लवादाचा निकाल रद्द करायला जो ठरलेला रस्ता आहे तो इथे नाही, आणि अपीलही नाही. मग ज्याला निकाल पटला नाही त्याने जायचं कुठे? तर घटनेच्या २२६ आणि २२७ कलमाखाली हायकोर्टात रिट (हायकोर्टाने लक्ष घालावं म्हणून करायचा अर्ज) टाकायची. रस्ता एकच, पण तो चांगला मोठा हायवे निघाला.

हा रस्ता असा का झाला त्याची सुरुवात मुंबईतच आहे. वरळीची हिंद सायकल्स आमच्या आधीच्या पिढीला माहीत असेल. तिथल्या कामगारांच्या वतीने इंजिनिअरिंग मजदूर सभा लवादाच्या निवाड्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेली होती. १९६२ साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला (आपले साताऱ्याचे, नंतर सरन्यायाधीश झाले, लेबर लॉवर त्यांच्याइतकं लिहिलेला जज्ज शोधून सापडणार नाही) की १०-अ चा लवाद हा काही सरकारने नेमलेला ट्रायब्युनल नाही, तो दोन पार्ट्यांनी नेमलेला आहे, त्यामुळे त्याच्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात स्पेशल अपील चालणार नाही. पण त्याच निकालात हेही म्हटलं की तो अगदी खासगी लवादही नाही, कारण कायद्याने त्याला काही अधिकार दिलेत. थोडक्यात ना इकडचा ना तिकडचा. त्या फटीतूनच मग सगळी रिट पिटिशन आत शिरली.

१९७५ साली रोहतास इंडस्ट्रीजच्या केसमध्ये ते पक्कं झालं. बिहारमधल्या डालमियानगरची कंपनी, १९५७ चा संप, लवादांनी तो बेकायदा ठरवला, इथपर्यंत ठीक, पण पुढे जाऊन असं ठरवलं की संपामुळे कंपनीचं जे नुकसान झालं त्याची भरपाई कामगारांनी करायची. आता बोला. बेकायदा संपाला काय शिक्षा ते कायद्यात लिहिलेलं आहे, कामगाराच्या खिशातून कंपनीचा तोटा भरून घ्या असं कुठेच लिहिलेलं नाही. पटना हायकोर्टाने तेवढा भाग उडवला आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बरोबर केलं, लवादाने कायद्याची ढळढळीत चूक केली तर हायकोर्ट हात घालू शकतं. आता मला सांगा, कोर्टाने लवादाला हात लावूच नये असं म्हणणारे जे आहेत त्यांनी डालमियानगरच्या कामगाराला काय सांगितलं असतं, भर बाबा पैसे, तूच सही केली होतीस?

आणि त्याहून मोठी केस गुजरात स्टील ट्यूब्जची, अहमदाबादजवळची. युनियनवाल्या प्रत्येकाने ही वाचली पाहिजे असं माझं मत आहे, इंग्रजी जड आहे पण कुणाकडून तरी समजून घ्या. १९७३ च्या जानेवारीत तिथे संप सुरू झाला, मॅनेजमेंटने ८५३ कामगारांना एका फटक्यात कामावरून कमी केलं, चौकशी नाही, चार्जशीट नाही, वर म्हणे ही शिक्षा नाहीच, हा साधा डिस्चार्ज आहे. प्रकरण लवादाकडे गेलं आणि लवादाने मॅनेजमेंटचं बरोबर ठरवलं! पुढे गुजरात हायकोर्टाने लवादाचा निवाडा फिरवला आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टात न्या. कृष्णा अय्यर आणि न्या. देसाई यांनी हायकोर्टाची बाजू उचलून धरली. कागदावर काय नाव दिलंय ते सोडा, आत काय आहे ते बघा, आतमध्ये ही सरळसरळ शिक्षा आहे आणि ती चौकशीशिवाय दिलीय, असा त्या निकालाचा गाभा. शिवाय त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली. ११-अ म्हणून जे कलम १९७१ मध्ये आलं होतं, ज्याच्याखाली लेबर कोर्ट किंवा ट्रायब्युनलला बडतर्फीची शिक्षा जास्त वाटली तर ती कमी करता येते, त्या कलमात लवादाचं नाव नाही, तरी ते लवादालाही लागू आहे असं त्यांनी ठरवलं. तिसरे जज्ज न्या. कोशल यांना हे पटलं नव्हतं, त्यांनी वेगळं मत दिलं, आणि खरं सांगायचं तर नुसतं कलम वाचलं तर त्यांचंही म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण निकाल बहुमताने लागतो.

ह्या दोन्ही केसमध्ये कोर्टाने लवादाला थांबवलं म्हणून कामगार वाचला. त्यामुळे कोर्टाचा हस्तक्षेप नकोच असं मी म्हणणार नाही. आमच्याच काही युनियनवाल्या मित्रांना हे म्हणायची सवय आहे, पण अ‍ॅवॉर्ड विरोधात गेला की तेच मित्र दुसऱ्या दिवशी वकिलाकडे असतात, ते मी बघितलंय.

अमेरिकेचं उदाहरण लोक फार देतात, परवाच्या लेखातही होतं. तिथे १९६० साली स्टीलवर्कर्स युनियनच्या तीन केसेसचे निकाल एकाच दिवशी लागले आणि तेव्हापासून तिथल्या कोर्टांची भूमिका अशी की लवादाचा निवाडा युनियन आणि कंपनीच्या करारातून निघालेला असला की बास, जज्जाला स्वतःला तो चुकीचा वाटला तरी बदलायचा नाही. किती टोकाला जातात बघा. लुइझियाना राज्यात मन्रो गावात मिस्को नावाच्या कंपनीचा कागदावर प्रक्रिया करायचा कारखाना होता, तिथला एक रात्रपाळीचा ऑपरेटर, धोकादायक मशीनवर काम करणारा, कंपनीच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या मागच्या सीटवर पोलिसांना सापडला आणि पुढच्या अ‍ॅशट्रेत गांजाची पेटती सिगारेट. कंपनीने काढून टाकला. लवाद म्हणाला की तो गांजा ओढत होता हे सिद्ध झालेलं नाही, घ्या परत. त्याच्या स्वतःच्या गाडीतही गांजा सापडला होता, पण काढताना कंपनीला ते ठाऊकच नव्हतं, म्हणून लवादाने ते धरलं नाही. खालच्या अपील कोर्टाने निवाडा उडवला की असा माणूस मशीनवर ठेवणं सार्वजनिक हिताच्या विरोधात आहे, आणि १९८७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने लवादाचा निवाडा परत उभा केला. म्हणजे आम्हाला पटतं का हा प्रश्नच नाही, तुम्ही दोघांनी ज्याला नेमलं त्याला पटलं, विषय संपला.

ऐकायला मस्त आहे पण ते इकडे जसंच्या तसं उचलायला मी तयार नाही. तिकडे करारातच लिहिलेलं असतं की तक्रार आली की पहिली पायरी ही, दुसरी ही, शेवटी लवाद, आणि दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षं त्याची सवय. आपल्याकडे लवाद कधी येतो? संप चिघळलाय, गेटवर पोलीस बसलेत, महिन्याचा पगार बुडालाय, लोक घरून शिव्या खाऊन येतायत, तेव्हा कुणीतरी मध्यस्थ म्हणतो लवादाला देऊ या आणि युनियन नाइलाजाने सही करते. अशा सहीला तुम्ही स्वतः निवडलंत ना, मग आता भोगा, असं म्हणणं बरोबर नाही. गुजरात स्टीलसारखा निवाडा आला तर वरती कुणीतरी बघणारं पाहिजे.

मग माझी तक्रार काय? माझी तक्रार स्टेची, म्हणजे निवाड्याला मिळणाऱ्या तात्पुरत्या स्थगितीची आहे. हायकोर्ट शेवटी निवाडा ठेवतं का फिरवतं हा नंतरचा भाग, तिथपर्यंत पोचतो कोण? मॅनेजमेंटचा वकील रिट टाकतो, पहिल्याच तारखेला रूल (म्हणजे अर्ज सुनावणीला दाखल) आणि अंतरिम स्टे मिळतो, आणि मॅटर फायनल हिअरिंगच्या लिस्टमध्ये जाऊन पडतं. तिथून पुढे घाई फक्त कामगाराला असते. कंपनीला स्टे मिळाला म्हणजे अर्धी केस जिंकल्यासारखीच असते, कारण ज्या माणसाला परत घ्यायचाय तो दर वर्षी एकेक वर्षाने म्हातारा होतोय.

आमच्याच कंपनीतलं सांगतो, नाव घालत नाही. मशीन शॉपमधल्या एका ऑपरेटरची सुपरवायझरशी बाचाबाची झाली, ढकलाढकली झाली, चार्जशीट, डोमेस्टिक एन्क्वायरी, बडतर्फ. नेमकं तेव्हाच आमचं पगारवाढीचं सेटलमेंट चालू होतं, मॅनेजमेंटला शांतता पाहिजे होती, आम्हाला आमचा माणूस पाहिजे होता, म्हणून दोघांनी सही करून त्याचा विषय लवादाकडे दिला, एक रिटायर्ड जज्ज होते, फी निम्मी कंपनीची निम्मी युनियनची, त्यासाठी लोकांकडून वेगळी वर्गणी काढली होती. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, सुपरवायझरची उलटतपासणी झाली, आणि निवाडा असा आला की चूक झाली हे खरं पण बडतर्फी फार झाली, दोन इन्क्रिमेंट थांबवा, कामावर घ्या, मागचा अर्धा पगार द्या. मला विचाराल तर अगदी रास्त निवाडा होता, दोन्ही बाजूंना थोडा थोडा टोचणारा. गेटवर पेढे वाटले. कंपनीने रिट टाकली आणि स्टे आणला.

आता इथे तो मुद्दा येतो ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. मालक लोक वर्षानुवर्षं हायकोर्ट-सुप्रीम कोर्ट करत बसतात आणि कामगार उपाशी मरतो हे बघूनच जुन्या कायद्यात १७-ब कलम घातलं गेलं, १९८२ ची दुरुस्ती, लागू झाली १९८४ च्या ऑगस्टमध्ये. कामावर परत घ्या असा निवाडा झालाय आणि मालक वरच्या कोर्टात गेला, तर तिथे केस चालू आहे तोपर्यंत मालकाने कामगाराला त्याचा शेवटचा पगार दर महिन्याला द्यायचा. कामगाराने फक्त अ‍ॅफिडेव्हिट करायचं की मी दुसरीकडे कुठे नोकरीला नाही. फार चांगलं कलम. त्यातही शेवटचा पगार म्हणजे काढलं त्या दिवशीचा पगार, मधल्या काळात महागाई किती वाढली, बाकीच्यांना किती वाढ मिळाली याचा संबंध नाही, हे सुप्रीम कोर्टाने देना बँकेच्या केसमध्ये १९९७ साली सांगून टाकलंय, हायकोर्टाला वाटलं तर आपल्या अधिकारात जास्त देऊ शकतं एवढीच फट ठेवलीय. असो, थोडा का होईना, पण महिन्याच्या महिन्याला हातात पैसा येतो.

पण ते कलम नीट वाचा. तिथे लिहिलंय की लेबर कोर्टाने, ट्रायब्युनलने किंवा नॅशनल ट्रायब्युनलने निवाड्यात कामावर घ्यायला सांगितलं तर. लवादाचं नाव त्यात नाही!

आमच्या ऑपरेटरच्या वेळी कंपनीचे वकील उभे राहिले आणि अत्यंत शांतपणे म्हणाले की माय लॉर्ड, हा लवादाचा निवाडा आहे, १७-ब इथे लागत नाही. मी मागच्या बाकावर होतो. आमच्या वकिलांनी गुजरात स्टीलचा निकाल काढला, म्हणाले की ११-अ मध्ये लवादाचं नाव नसताना तो धरला तर इथे का नाही, शिवाय निवाडा शब्दाच्या व्याख्येत लवादाचा निवाडा येतोच. यावरच तारखा गेल्या. शेवटी हायकोर्टाच्या जज्जसाहेबांनी त्या वादात न पडता आपल्या रिटच्या अधिकारात काही रक्कम दरमहा कोर्टात जमा करायला सांगितली आणि ती काढायची असेल तर अ‍ॅफिडेव्हिट द्या म्हणाले. आमच्या माणसाने अ‍ॅफिडेव्हिट दिलं. पुढच्या तारखेला कंपनीने फोटो आणले, हा बघा हा मेव्हण्याच्या भाजीच्या गाडीवर उभा आहे, हातात तराजू आहे. आता मेव्हणा जेवायला गेला म्हणून गाडीवर उभं राहणं ही काय नोकरी झाली का? पण त्यावर उत्तराचं अ‍ॅफिडेव्हिट, मेव्हण्याचं अ‍ॅफिडेव्हिट, नोटरीचे पैसे, परत तारीख.

आणि प्रत्येक तारखेला चिंचवडहून सकाळची सिंहगड एक्सप्रेस पकडायची, उभ्याने मुंबई, दिवसभर कोर्टात बसायचं, संध्याकाळी कळायचं की मॅटर बोर्डावर खाली होतं, रीच झालं नाही. (कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं, कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीच्या कामगारांची मुंबईवारी वाचली, त्याबद्दल मनापासून आनंद आहे. पण एवढा मोठा कारखानदारीचा पट्टा असून आम्ही पुणेकर अजून सिंहगडवरच.) आमच्या माणसाची केस फायनल हिअरिंगला कधी आलीच नाही. मुलीचं लग्न ठरलं, पैशाची नड होती, एकरकमी घेऊन त्याने तडजोड केली आणि नोकरीवरचा हक्क सोडला. लवादाचा निवाडा बरोबर होता का चूक हे हायकोर्टाने शेवटपर्यंत बघितलंच नाही, आणि तरी तो निवाडा मेला.

त्याच सुमारास ज्याची केस लवादाकडे न जाता सरळ लेबर कोर्टात गेली होती असा आमच्याच शेडमधला दुसरा कामगार, त्यालाही निकालाला वेळ लागला, त्याच्याविरुद्धही रिट झाली, पण त्याला १७-ब चा पगार फारशी खळखळ न होता सुरू झाला. म्हणजे समजूतदारपणा दाखवून, भांडण घरातल्या घरात मिटवू म्हणून जो लवादाकडे गेला तो जास्त अडकला. आणि तुमचे लेखक सांगतायत लवादाकडे जा.

नवीन कोड करताना हे दुरुस्त करायची आयती संधी होती. जुने तीन कायदे मोडून एक केला, लेबर कोर्ट काढून टाकलं, ट्रायब्युनलमध्ये न्यायिक मेंबरबरोबर प्रशासकीय मेंबर बसवला, इतकं सगळं बदललं, पण केस वरच्या कोर्टात असताना पगार द्यायचं जे कलम आहे त्यात परत ट्रायब्युनल आणि नॅशनल इंडस्ट्रियल ट्रायब्युनल एवढंच. लवाद बाहेरच. शिक्षा कमी करायच्या अधिकाराचंही तेच, तिथे अजून कृष्णा अय्यर साहेबांच्या जुन्या निकालाचा टेकू घ्यावा लागणार. एकीकडे सरकार म्हणतं आपसात मिटवा, लवाद नेमा, आणि दुसरीकडे जो नेमेल त्याला पगाराचं संरक्षण नाही, हे कसं काय?

कुणी म्हणेल की अंतरिम पगाराची एवढी काय मागणी, निकाल लागेल तेव्हा बॅक वेजेस (मागचा पगार) मिळतातच की. मिळतात, पण त्यालाही कात्री लागते. पंजाबच्या वेअरहाऊसिंग कॉर्पोरेशनच्या एका कामगाराला लेबर कोर्टाने कामावर घ्या आणि निम्मा मागचा पगार द्या असं सांगितलं होतं, हायकोर्टाने ते काढून हातात थोडी नुकसानभरपाई टेकवली, शेवटी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की खालच्याचा निकाल असा सहज फिरवायचा नसतो. आपल्या मराठवाड्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये स्कूल ट्रायब्युनलने दिलेला मागचा पगार हायकोर्टाने काढून घेतला, तो २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत दिला, आणि त्यात न्या. सिंघवींनी स्पष्ट म्हटलंय की केस लांबली याची शिक्षा कामगाराला देता येणार नाही. चांगलंच म्हटलं. पण दिल्लीपर्यंत जाऊन भांडण्याची ताकद किती जणांत असते? आमचा माणूस दादरच्या पुढे टिकला नाही.

खरं म्हणजे कोर्टाने किती बघायचं याचा नियम आपल्याकडे साठ वर्षांपासून ठरलेला आहे, परत गजेंद्रगडकरांचाच, १९६३ सालच्या सय्यद याकूब निकालात. हायकोर्ट रिटमध्ये अपील ऐकत नसतं, अधिकाराबाहेर गेलेत का, बाजू ऐकून घेतली का, कायद्याची उघड चूक आहे का, पुरावाच नसताना निष्कर्ष काढलाय का, एवढं बघायचं, साक्षीदार खरा बोलला का खोटा यात शिरायचं नाही. हा नियम पाळला तर आमच्या ऑपरेटरची रिट पहिल्याच तारखेला अर्ध्या तासात निघाली असती. कारण त्यात होतं काय, तर शिक्षा जास्त का कमी एवढंच. पण नियम फायनल हिअरिंगला लागतो आणि स्टे पहिल्या तारखेला मिळतो.

जाता जाता आमच्या युनियनवाल्यांनाही दोन गोष्टी सांगायच्यात, सगळा दोष कोर्टावर टाकून चालणार नाही. पुष्कळ निवाडे आपल्या गबाळेपणामुळे पडतात. हरियाणातल्या कर्नालची लिबर्टी फूटवेअरची केस घ्या, १९८९ ची. जुन्या कायद्यात लवादाचा करार सरकारी गॅझेटमध्ये छापावा लागायचा, तो छापलाच नव्हता, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे छापणं सक्तीचं आहे, ज्यांनी सही केली नाही अशा बाकीच्या कामगारांनाही कळलं पाहिजे काय चाललंय ते. सगळी मेहनत पाण्यात. म्हणून सही केली की लेबर ऑफिसला पाठपुरावा करा, नियमाप्रमाणे लागणारे सगळे कागद हातात येईपर्यंत लवादासमोर बसू नका. दुसरं म्हणजे लवादाला नेमका काय प्रश्न विचारायचा तो कागदावर शब्द तोलून लिहा, आपले लोक पगारवाढीवर तासन्‌तास भांडतात आणि लवादाला विचारायचा प्रश्न मॅनेजमेंटच्या ऑफिसमध्ये टाइप होऊन येतो. आणि लवाद साहेबांना पहिल्याच बैठकीत हात जोडून विनंती करा की निवाड्यात कारणं लिहा. काही जण दीड पानात आटपतात, माझं समाधान झालं आहे वगैरे. असा निवाडा हायकोर्टात दोन मिनिटं टिकत नाही.

यापुढे लवादाच्या करारातच एक कलम घालून घ्यायचं असं मी आता सगळ्यांना सांगतो. कुणीही वरच्या कोर्टात गेलं तरी केस चालू असेपर्यंत कामगाराला पगार सुरू राहील, हे दोघांनी आधीच सही करून कबूल करायचं. मॅनेजमेंट का मानेल असं विचाराल, तर १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी मालकांनी मानलं होतं की. गांधीजींनी जो संप चालवला होता तो, कामगार ३५ टक्के वाढ मागत होते, मालक २० वर अडले होते, शेवटी आनंदशंकर ध्रुव यांना लवाद नेमलं. पण लवादाचा निकाल येईपर्यंत कामगारांनी काय खायचं? तर ठरलं असं की पहिल्या दिवशी ३५ टक्क्यांनी पगार, दुसऱ्या दिवशी २० टक्क्यांनी, म्हणजे दोघांचीही पत राहिली, आणि तिसऱ्या दिवसापासून निवाडा येईपर्यंत मधला साडेसत्तावीस टक्के, कमीजास्त हिशेब नंतर. पुढे निवाडा ३५ चाच आला. तेव्हा ना १०-अ होतं ना १७-ब, तरी निकालापर्यंतच्या पगाराची सोय आधी केली गेली. आपण शंभर वर्षांनंतर कोड छापले आणि नेमकं तेच विसरलो.

तेव्हा संपादक साहेब, लवादाचा प्रचार करणारे लेख जरूर छापा, पण सोबत केंद्रीय श्रम मंत्रालयाला आणि आपल्या कामगार मंत्र्यांना तुमच्या पेपरातून हा प्रश्न विचारा की केस चालू असतानाच्या पगाराच्या कलमात लवादाचं नाव कधी घालणार. कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्याही यादीत आहे, महाराष्ट्राने १९७१ मध्ये युनियनच्या मान्यतेचा स्वतःचा कायदा करून दाखवलाय, तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. आणि रिटवर स्टे देताना निदान निम्मा मागचा पगार जमा करून घ्या, मॅटर अमुक महिन्यांत ऐकू असं ऑर्डरमध्येच लिहा, ही विनंती हायकोर्टाला कशी पोचवायची ते तुम्हीच बघा, आमची पत्रं तिथपर्यंत जात नाहीत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त युनियन सेक्रेटरी
चिंचवड, पुणे